थर्ड क्लासचे मंत्रीजी

इनासकाका आमच्या दारात पहिल्यांदा आले ते माझ्या पत्रकातली शुद्धलेखनाची चूक दाखवायला. पत्रक त्यांच्याच विरुद्ध होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि सगळी झाशी आपल्या लेखणीला घाबरून आहे अशी माझी समजूत होती. प्रेम नगरातल्या आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक होती. बाबा साधे कारकून, पण तरुणपणी एकही सभा चुकवली नव्हती आणि प्रत्येक सभेतलं पत्रक घडी करून घरी आणलं होतं. इतर मुली गोष्टींच्या पुस्तकांवरून वाचायला शिकल्या असतील. मी ‘भाइयो, जागो’वरून शिकले. घरात मराठी, गल्लीत बुंदेली आणि पत्रकात कडक हिंदी. तीन भाषांत रागावता येणारी मुलगी झाशीतल्या मराठी घरांत दुसरी नव्हती, याचा मला अभिमानही होता.

त्या आठवड्यात चर्चच्या फाटकावर मी एक पाटी पाहिली होती : ‘अगले रविवार नए मिनिस्टर का चुनाव’. अक्षरं इतकी देखणी, की आधी मी अक्षरांसाठी थांबले आणि मग अर्थ कळून चिडले. देवाच्या घरातही मंत्री? कुणाला काही विचारायची गरज मला वाटली नाही. घरी येऊन स्टेन्सिल कापली, बाबांच्या ओळखीच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर दोनशे प्रती काढल्या आणि ‘गिरजे में भी गद्दी?’ या मथळ्याखाली मानिक चौकात वाटून आले. खाली सही नेहमीचीच : ‘एक जागरूक नागरिक’.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात एक सडपातळ म्हातारा उभा. खाकी शर्ट, नखांत पांढरा रंग, गळ्यात सुतळीत ओवलेला लाकडी ‘टी’. दारासमोर उभं न राहता तो एक पायरी खाली उभा होता, त्यामुळे मला त्याच्याकडे वरून बघावं लागत होतं.

“संपादकबाई आहेत का?”

मराठी ऐकून मी दचकलेच. आमच्या चार घरांबाहेरचं मराठी झाशीत सहसा कानावर पडत नाही.

“मीच,” मी म्हटलं. “आणि तुम्ही त्या पत्रकासाठी आला असाल तर सांगते, मी एक शब्दही मागे घेणार नाही.”

“मागे कशाला? एक अक्षर पुढे घ्या, बस.” त्यांनी खिशातून पत्रक काढलं. “हे बघा, ‘आर्शीवाद’ लिहिलंय. रफार एक स्टेशन आधीच उतरलाय. त्याला ‘वा’पर्यंत जायचं होतं.”

मी कागद हातात घेतला. चूक खरी होती. बाबा आतून खो खो हसले, ते मला जास्त लागलं.

“आणि याच्या आठ प्रती मिळतील?” म्हातारा म्हणाला. “आम्ही आठ जण आहोत.”

“कोण आम्ही?”

“ज्यांच्याविरुद्ध हे लिहिलंय ते.”

हे इनासकाका. मूळचे वसईकडचे, रेल्वेच्या नोकरीनं झाशीत आलेले. मालगाडीचे डबे दुरुस्त होतात तिथे ते अक्षर-पेंटर होते. डब्यावर आकडे, वजन, दुरुस्तीची तारीख लिहायची, हे काम. त्यांच्या मराठीत वसईचा हेल होता आणि त्यावर बुंदेलखंडाची धूळ बसलेली होती. फाटकावरची ती देखणी पाटी त्यांनीच लिहिली होती. आणि ज्या मिनिस्टरवर मी तुटून पडले होते, तेही तेच होते.

रविवारी मी मुद्दाम गेले. चर्चच्या मागच्या खोलीत दोन बाकं, आठ माणसं. एक नर्स, एक निवृत्त गार्ड, शिंपीकाम करणारं एक जोडपं, दोघी म्हाताऱ्या बहिणी, काका आणि त्यांची बायको रोझाकाकू. प्रार्थना झाली आणि काकांनी माझं पत्रक मोठ्यानं वाचायला घेतलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, शिव्यांसकट. मी घरी लिहिताना ती वाक्यं मला तलवारीसारखी वाटली होती. त्या खोलीत, त्यांच्या शांत आवाजात, ती कुठल्याशा शाळेच्या निबंधासारखी वाटत होती. शेवटी माझं वाक्य होतं : सेवकालाच जिथे मिनिस्टर म्हणतात तिथे सेवा कुणाची होत असेल?

“प्रश्न चांगला आहे,” काका हिंदीत म्हणाले. “आज याच्यावरच बोलू. गेल्या महिन्यात मी गादीवर कधी बसलो? तुम्ही कधी बसलात?”

आणि ती माणसं खरंच सांगू लागली. नर्सबाई म्हणाल्या, एका पेशंटला मी ‘तू’ म्हटलं, कारण तो गरीब होता. गार्ड म्हणाले, सून चहा घेऊन येईपर्यंत मी हाक मारत बसतो, उठत नाही. काका म्हणाले, मी पाट्या इतक्या छान लिहितो की लोकांनी ते म्हणावं याची वाट बघतो. रोझाकाकूंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं काही नाही. पण हा घरात रोज बसतो. जगाला भाऊ म्हणतो आणि मोरीतल्या नळाला वॉशर नाही.” सगळे हसले. काका सगळ्यात जास्त.

मग निवडणूक झाली. दुसरं कुणी तयार नसल्यामुळे काकाच पुन्हा निवडून आले.

परत येताना त्यांनी मला समजावलं. मिनिस्टर हा शब्द त्यांच्या संत फ्रान्सिसनं पुढाऱ्याला दिला होता. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ सेवक. “वाढपी म्हण हवं तर,” काका म्हणाले. “पंगतीत शेवटी जेवणारा. पुढे तो शब्द दिल्लीला गेला, त्याला आम्ही काय करणार?”

“आणि तुम्ही लोक म्हणजे कोण? साधू?”

“साधू कसले! फ्रान्सिसची पहिली ऑर्डर साधूंची, दुसरी मठातल्या बहिणींची. आम्ही थर्ड ऑर्डर. बायको, नवरा, नोकरी, भाजीची पिशवी, सगळं सांभाळून त्याच्या मागनं चालायचं. रेल्वेची वस्ती आहे, त्यामुळे लोक आम्हाला थर्ड क्लासवाले म्हणतात.” ते थांबून हसले. “बरोबरच आहे. डबा थर्ड क्लासचा. पण गाडी तीच ना?”

माझ्या पत्रकाचा एकच परिणाम झाला. सगळी वस्ती काकांना ‘मंत्रीजी’ म्हणू लागली. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. आणि काही भोळी माणसं खरोखरच अर्ज घेऊन आली. मंत्रीजी, नळाला पाणी नाही. मंत्रीजी, मुलाचं नाव शाळेच्या यादीत चुकलंय. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाबांनो, मी कुठला मंत्री! काकांनी तसं एकदाही म्हटलं नाही. अर्ज घ्यायचे, वाचायचे आणि त्या माणसाबरोबर जाऊन रांगेत उभे राहायचे. एवढंच. ओळख नाही, वशिला नाही. पण रांगेत बरोबर कुणीतरी आहे म्हटल्यावर लोकांचा आवाज बदलायचा, हे मी पुष्कळदा पाहिलं. नळाच्या तक्रारीला मात्र ते थेट पाना घेऊन जायचे. मोरीतला नळ तरीही गळतच राहिला.

मी त्यांच्याकडे जाऊ लागले ती भांडायला. मी देव मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. तुमच्यासारखी माणसं सगळं सहन करतात म्हणून अन्याय चालतो, हे मी त्यांना निदान वीस वेळा ऐकवलं असेल. ते म्हणायचे, “असेल.” या ‘असेल’नं माझं रक्त उसळायचं. भांडताना ते खाली बसून एखाद्या पाटीवर अक्षरं काढत असायचे. त्यांची अक्षरं नेहमी लहान. मी म्हणायचे, काका, जरा मोठं लिहा, लांबून दिसायला हवं. ते म्हणायचे, “मोठं अक्षर लांबून वाचतात आणि लांबूनच निघून जातात. लहान लिहिलं की माणसाला जवळ यावं लागतं.”

स्वतःच्या शरीराला ते गाढव म्हणत. ते त्यांच्या संताकडूनच आलं होतं. गुडघा दुखला की, “आज गाढव अडलंय,” आणि बरं वाटलं की, “आज गाढवानं दोन मैल ओढलं.” गळ्यातल्या लाकडी ‘टी’वरून तर रोज नवी गंमत व्हायची. नवख्या माणसांना ते टीटी वाटायचे आणि बिनतिकीटवाले उगीच बाजूला सरकायचे. काका म्हणत, हा क्रूस आहे, वरचा दांडा तेवढा नाही. संत फ्रान्सिस सहीच्या जागी हाच काढायचा. आणि मग पुढे हळूच, “पण तिकीट काढलं असेल तर बरंच झालं.”

पण ते नुसते गरीब गाय होते असं कुणाला वाटू नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. एकदा कामावर एका साहेबानं त्यांना एका डब्यावर दुरुस्तीची तारीख लिहायला सांगितलं. डबा अजून उघडलेलाही नव्हता. काकांनी रंगाचा डबा खाली ठेवला आणि हातात ब्रश धरून त्या मालडब्याशेजारी उभे राहिले. एक तास झाला, दोन झाले. साहेब परत आला.

“क्या मंत्रीजी, हड़ताल है?”

“नहीं साहब, इंतज़ार है. डिब्बा हो जाए, तो तारीख लिख दूँ.”

ना आवाज चढवला, ना कुणाला जमवलं. संध्याकाळपर्यंत ते तसेच उभे होते, गाढव अडलेलं असतानाही. शेवटी फिटरांनाच लाज वाटली आणि त्यांनी डबा दुरुस्तीला घेतला. हे मला काकांनी सांगितलं नाही, त्या फिटरांपैकी एकानं सांगितलं. मी काकांना विचारलं तर म्हणाले, “जे झालं नाही ते मी लिहीत नाही, एवढंच. आमच्या धंद्यात त्यानं माणसं मरतात.”

हे वाक्य मी तेव्हा वहीत उतरवून घेतलं. पुढच्याच महिन्यात मी काय केलं ते आता सांगते.

रेल्वे वस्तीला लागून नगरा नावाचा मोहल्ला आहे; तिथे रामकली नावाची बाई होती, लाकडाच्या मोळ्या विकणारी. एका सकाळी हातपंपावर ती चार बायकांना काहीतरी सांगत होती. तिच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली. मी थांबून ऐकलं. दवाखान्यात गेले होते, ती म्हणाली. “दो घंटा घाम में ठाड़ी रई. फिर मिश्राजी आए, और उनने निकाल दई.”

घाम म्हणजे आमच्याकडे घाम, बुंदेलीत ऊन. एवढं मला कळत होतं, म्हणून मला सगळंच कळतं असं मला वाटलं. दोन तास उन्हात उभी केली आणि मग हाकलून दिली! दुखरा हात, गरीब बाई, खालची जात, आणि दवाखान्याचा कंपाउंडर मिश्रा. माझ्या ट्रंकेतल्या अर्ध्या पत्रकांची गोष्ट माझ्यासमोर हातपंपावर उभी होती. मी तिला काही विचारलं नाही. घरी धावत गेले.

‘दवाखाना या दरबार?’ तीनशे प्रती. मिश्राजींचं नाव मथळ्याइतक्या मोठ्या अक्षरात. जात विचारून औषध देणारा माणूस, असं मी त्यांना म्हटलं होतं. वाक्यं चांगली जमली होती, हे लिहितानाही मला आठवतंय.

आठ दिवसांत त्या पत्रकानं आपलं काम केलं. मिश्राजींच्या दारावर कुणीतरी चिखल मारला. दवाखान्यात बायका त्यांच्या हातून पुडी घेईनात. वीस वर्षं ज्या वस्तीत त्यांना येता-जाता नमस्कार व्हायचा, तिथून ते मान खाली घालून जाऊ लागले. मग त्यांनी रजा टाकली आणि बदलीचा अर्ज लिहिला. मला हे कळत होतं आणि मी खूश होते.

नवव्या दिवशी काका आले. नेहमीसारखे एक पायरी खाली.

“संपादकबाई, रामकलीला दुसरा प्रश्न विचारला होतात का?”

“कुठला दुसरा?”

“काय निकाल दई?”

मला अर्थच लागला नाही. ते म्हणाले, चल. मोळ्यांच्या ढिगाशेजारी रामकली बसली होती. काकांनी तिला तेवढंच विचारलं.

“अरे फाँस, काका!” तिनं चिंधी सोडून तळवा पुढे केला. तळव्याच्या मध्यावर सुकत आलेली खूण होती. “इत्ती बड़ी फाँस हती, लकड़ी की. भीतर भीड़ हती, सो हम बाहर घाम में ठाड़ी रई. मिश्राजी खुद बाहर आए, उतईं बैठ कें निकाल दई.” मग माझ्याकडे बघून, “तुम का समझीं, बिन्नू?”

फाँस, म्हणजे लाकडाचं कुसळ. मिश्राजींनी कुसळ काढलं होतं. बाहेर येऊन, तिच्यासमोर जमिनीवर बसून. एका वाक्यातला एक शब्द गाळलेला होता आणि तो मी माझ्या रागानं भरला होता.

रामकलीला वाचता येत नव्हतं; पत्रकाचं तिला ठाऊकच नव्हतं. काकांनी सांगितलं तेव्हा ती उठून उभी राहिली. “मोरे मुँह से मिश्राजी खों गारी लिख दई?” एवढं बोलून तिनं माझ्याकडे पाठ केली. मला कुणी कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

वाटेत मी म्हटलं, “मी आजच दुसरं पत्रक काढते. माफीचं.”

“काढ,” काका म्हणाले. “पण दुसरं पत्रक पहिल्याच्या मागनं धावत राहतं, त्याला गाठत नाही. आधी पहिलं परत आणू.”

“परत? तीनशे आहेत, काका!”

“तीनशेच आहेत,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्याचा भोंगा झाल्यावर ते कापडी पिशवी घेऊन आले. बरोबर रामकली. नगऱ्यातल्या पहिल्या दारापासून सुरुवात झाली. काका एक पायरी खाली उभे राहत आणि म्हणत, “बहनजी, वो दवाखाने वाला पर्चा गलत था. हमसे भूल हो गई. हो तो लौटा दीजिए.” रामकली शेजारी तळवा पुढे करून उभी. “देख लो, मिश्राजी ने निकारी है.” मी मागे, रस्त्यावर.

पत्रकं कुठे कुठे गेली होती! एका घरी फडताळात डब्यांखाली अंथरलेली. काकांनी तिथलं पत्रक मागितलं, मग स्वतः बसून सगळे डबे उतरवले, पिशवीतला जुना पेपर मापाप्रमाणे कापून अंथरला आणि डबे होते तसे लावून दिले. एका मुलीनं त्याचं वहीला कव्हर घातलं होतं. काकांनी दुसरं कव्हर घालून वर तिचं नाव अशा अक्षरात लिहून दिलं, की गल्लीतली सगळी मुलं वह्या घेऊन आली आणि आमची ती संध्याकाळ तिथेच गेली. एका घरात म्हातारा म्हणाला, “पर्चा तो सही था, मंत्रीजी. ऐसे लोग होते हैं.” काका म्हणाले, “होते हैं. ये नहीं हैं.”

थर्ड क्लासचा सगळा डबाच कामाला लागला. नर्सबाईंनी आपल्या इस्पितळातून गोळा केली. शिंपीण गिऱ्हाइकांना कपड्यांबरोबर विचारायची. गार्डसाहेबांनी मानिक चौकातल्या शेंगदाणेवाल्याकडून अख्खा गठ्ठा आणला; तो त्याच्या पुड्या बांधत होता. त्या महिन्याच्या सभेत ते आठ जण बाकांवर बसून चुरगळलेली पत्रकं तळहातानं सरळ करत होते. मी तिथे होते. प्रार्थना वेगळी अशी झाली नाही. मी विचारलं, तर रोझाकाकू म्हणाल्या, “ही चाललीये ना.”

सगळ्यात जास्त मला काय बोचत होतं, तर काकांचं ते ‘हमसे’. प्रत्येक दारात ‘हमसे भूल हो गई’. त्यांची कुठली भूल? चौथ्या दिवशी मी भांडलेच. म्हटलं, “तुम्ही ‘आम्ही’ का म्हणता? चूक माझी आहे.”

“मग तू सांग,” ते म्हणाले. “मला जेवढं म्हणता येतं तेवढं मी म्हणतो.”

पुढचं दार प्रेम नगरातलंच होतं. आमच्या ओळखीच्या बाईंचं. माझं लिहिणं वाचून मला ‘शेरनी’ म्हणणाऱ्या. काका पायरीखाली उभे राहिले आणि बाजूला सरकून त्यांनी मला जागा करून दिली. मी त्यांच्या शेजारी, त्याच पायरीखाली येऊन उभी राहिले. “चाचीजी,” मी म्हटलं, “वो पर्चा मैंने लिखा था. झूठ निकला. मैंने पूछा नहीं था.” माझे कान पेटले होते. चाचीजींनी आत जाऊन पत्रक आणून दिलं आणि म्हणाल्या, “बेटी, चाय पियोगी?” त्यानंतरची सगळी दारं माझी झाली.

अकरा दिवसांत दोनशे एकाहत्तर पत्रकं परत आली. ती घेऊन काका आणि मी मिश्राजींच्या घरी गेलो. दारावर चिखलाचा डाग अजून होता. मिश्राजींनी दार अर्धंच उघडलं. ठेंगणे, जाड चष्म्याचे, बनियनवर असलेले गृहस्थ. मी त्यांना इतक्या जवळून त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ज्याच्याबद्दल मी एक पानभर लिहिलं होतं, त्याचा चेहरा मला माहीत नव्हता.

काकांनी पिशवी पुढे केली. “तीन सौ थे. दो सौ इकहत्तर लाए हैं. बाकी ढूँढ रहे हैं.”

मी म्हणायचं ते म्हटलं. पाठ केलेलं होतं, पण मधेच अडखळलं.

मिश्राजींनी पिशवीत हात घालून एक कागद काढला. आपलं नाव वाचलं. मग काकांकडे बघून चिडून म्हणाले, “अब इनका क्या करूँ, इनास भैया? अचार डालूँ?”

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “इधर लाइए. लकड़ी गीली है, चूल्हा नहीं जल रहा.”

पिशवी आत गेली. मुठीमुठीनं पत्रकं चुलीत गेली. माझी वाक्यं चांगली पेटत होती, हे मी कबूल करते. त्यांच्यावर चार कप चहा झाला. मिश्राजींनी माझ्या हातात कप देताना विचारलं, “चीनी ठीक है?” मी हो म्हटलं. ती खरंच ठीक होती. कप संपता संपता ते रामकलीच्या हाताची चौकशी करू लागले, पू झाला का, धुते का. आणि मग उठून कोनाड्यातून एक पुडी आणून काकांजवळ दिली, तिला द्या म्हणून. बदलीचा अर्ज त्यांनी मागे घेतला तो आठवड्यानंतर. पण मला वाटतं, तो त्या पुडीबरोबरच मागे गेला होता.

दुसरं पत्रक मी त्यानंतर काढलं. स्टेन्सिलवर अक्षरं काकांनी काढली, लहान. आणि खाली मी पहिल्यांदा माझं नाव लिहिलं. ‘जागरूक नागरिक’ तेव्हापासून निवृत्त आहेत. अन्यायाविरुद्ध लिहायचं मी सोडलं नाही, सोडणारही नाही. फक्त आता आधी दुसरा प्रश्न विचारते आणि कधी कधी तिसराही.

एकोणतीस पत्रकं राहिली होती. मिश्राजी पुन्हा पूर्वीसारखे दवाखान्यात बसू लागले, नमस्कार घेऊ लागले. चिखल कुणी मारला तेही लोक विसरले. मी काकांना म्हटलं, सोडा आता, ती जळली असतील, सडली असतील. ते म्हणाले, “असतील.” तेच ते ‘असेल’. आणि पुढे, “पण जळताना मी पाहिली नाहीत.”

ते मागच्या थंडीत गेले. गाढवानं एका सकाळी उठायचं नाकारलं. दफनाला सगळा नगरा होता. मिश्राजींनी माती टाकली आणि रामकली फाटकाबाहेर नीट पदर घेऊन उभी होती. रोझाकाकूंनी मला घरी नेलं. काकांच्या खाटेच्या वर भिंतीला एक पिवळा पडलेला कागद खिळ्यानं लावलेला होता : ‘गिरजे में भी गद्दी?’ रफार तांबड्या रंगानं ‘वा’वर नेऊन ठेवलेला. “हे त्यानं कधी काढू दिलं नाही,” काकू म्हणाल्या. “म्हणायचा, हे परत करायचं नाही, हे माझंच आहे.” मोरीत नळ टपटपत होता.

पण माझ्या डोळ्यांसमोर येतात ते त्या दिवसाचे काका नाहीत. त्याच्या काही महिने आधी, एका संध्याकाळी मी रिक्षातून मानिक चौकातून जात होते. गर्दीत रिक्षा अडली. शेंगदाणेवाल्याच्या गाडीशेजारी काका उभे होते, खांदे जरा पुढे आलेले. त्यांनी पुडी घेतली, शेंगदाणे शर्टाच्या खिशात ओतले आणि पुडीचा कागद उलगडला. ही सवय त्यांना त्या अकरा दिवसांत लागली होती. आधी कागद वाचल्याशिवाय ते शेंगदाणे खात नसत. त्यांनी कागद तळहातावर सरळ केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांजवळ धरून वाचू लागले. मथळ्याखालचं अक्षर लहान असावं.

मी हाक मारणार होते. पण त्यांनी कागदाची चार पदरी घडी केली. नेहमी ते कागद वाचून त्यातच परत शेंगदाणे भरायचे. या वेळी भरले नाहीत. घडी त्यांनी खांद्यावरच्या पिशवीत ठेवली, वरून एकदा थोपटली आणि मोकळे शेंगदाणे एकेक तोंडात टाकत नगऱ्याच्या रस्त्याला लागले.

रिक्षा सुटली. मी मनात म्हटलं, अठ्ठावीस.